सासऱ्यांची हजेरी

लग्न होऊन मी बेळगावच्या खासबागेतून निपाणीला आले, तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली होती : शिकवायचं सोडायचं नाही. "एवढं शिकून नुसत्या भाकऱ्या थापत बसणार असलीस तर हे लग्नच नको," असं ते बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले होते. माझ्या माहेरचे खूश झाले. त्या अटीचा पश्चात्ताप सासऱ्यांना पुष्कळ वर्षांनी झाला, आणि तो त्यांनी वर्गात, पहिल्या बाकावर बसून केला.

मी निपाणी-चिकोडी रस्त्यावरच्या एका जैन धर्मविद्यालयात प्राकृत शिकवते. पदवी झालेले विद्यार्थी आमच्याकडे दोन वर्षांच्या एम. ए.ला येतात. काही जण पुढे गावोगावच्या बस्त्यांमधून, म्हणजे जैन मंदिरांमधून, पंडित होतात, काही शाळेत लागतात, एखाददुसरा ब्रह्मचारी असतो, आणि उरलेले निवृत्त गृहस्थ. हे निवृत्त लोक पूर्वी आमच्याकडे फार सुखात असायचे. मनाला येईल तेव्हा यायचे, प्रवचनाला बसल्यासारखे डोळे मिटून बसायचे, आणि घरून फोन आला की तासाच्या मध्येच "जय जिनेंद्र" म्हणून निघायचे. मग विद्यापीठाची तपासणी समिती आली. समितीतल्या एका बाईंनी हजेरीपट मागितला. तो कुणालाच सापडेना. एका ज्येष्ठ विद्यार्थ्यानं तेवढ्यात समितीच्या अध्यक्षांना त्यांचं मूळ गाव आणि पाहुणे विचारून घेतले होते आणि त्यांच्याशी लांबचं नातंही लावलं होतं, पण त्यानं काही भागलं नाही.

समिती गेल्यावर प्राचार्यांनी नियम लिहायचं काम माझ्यावर टाकलं. मी ते घरी सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून लिहिले. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर 'उशीर' अशी नोंद, आणि तीन उशीर म्हणजे एक गैरहजेरी. वर्गातल्या सहभागाला गुण. लेखी कामाला अ, ब, क अशी श्रेणी. आजारपण आणि घरातलं कुणी वारलं तर सूट, बाकी कशाला नाही.

सासऱ्यांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणते.

"झकास," आप्पा म्हणाले. "लई कडक केलंस. असंच पायजे. शिस्त न्हाय म्हणून तर आपली माणसं मागं पडल्यात."

पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःच प्रवेश घेतला.

यात हात होता सासूबाईंचा. त्यांना आम्ही आक्का म्हणतो. आप्पांचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. पान हातात घेऊन त्याची प्रत ठरवायची आणि दिवसभर माणसांशी बोलायचं, ही त्यांची दोन कामं. वखार बंद केल्यावर पहिलं काम गेलं आणि दुसरं घरात आलं. आक्का फोडणी टाकायला लागल्या की हे मागे उभे राहून मोहरी तडतडली का ते सांगायचे. शेवटी एक दिवस आक्का मला म्हणाल्या, "तुझ्या त्या कॉलेजात म्हाताऱ्या माणसांना घेतात न्हवं? मग ह्यांना घिऊन जा की." आप्पा जुन्या काळातले बी. कॉम. पात्रता होती. प्राचार्यांना तर पंचक्रोशीत ओळख असलेला माणूस हवाच होता. माझं मत कुणी विचारलं नाही. माझा नवरा बँकेत आहे. तो फक्त एवढंच म्हणाला, "तुमच्या दोघांच्या भानगडीत मला साक्षीदार करू नका."

पहिल्या दिवशी आप्पा इस्त्रीचं धोतर, नवी वही आणि दोन पेनं घेऊन पहिल्या बाकावर बसले. मी हजेरी घ्यायला उभी राहिले. पहिली सहा नावं घेतली आणि अडकले. आमच्या घरात सून सासऱ्यांचं नाव घेत नाही. मला स्वतःला त्याचं फारसं काही वाटत नाही, असं मी समजत होते. पण नाव ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. वर्ग माझ्याकडे बघत होता. आप्पाही बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ही आता काय करते याची त्यांनाही उत्सुकता आहे.

"रोल नंबर सात," मी म्हणाले.

"हजर!" आप्पा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

एकट्याचा नंबर घेणं बरं दिसेना, म्हणून त्या दिवसापासून मी सगळ्यांचेच नंबर घ्यायला लागले. मुलांना वाटलं, हाही समितीचाच नियम असेल.

आम्ही दोघं एकाच गाडीतून जायचो. मी चालवायचे, आप्पा शेजारी. तरी मी वर्गात वेळेवर आणि आप्पा उशिरा, असं रोज व्हायचं. कारण गाडीतून उतरून वर्गापर्यंत जायच्या वाटेवर फाटकावरचा रखवालदार होता, बागेतला माळी होता, कँटीनवाला होता, आणि या तिघांचीही पोरंबाळं, शेतं आणि दुखणी होती. एकदा माझा तास अर्धा झाल्यावर आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"आत येऊ का, मॅडम?"

माझा हात आपोआप पदराकडे गेला आणि मी तो डोक्यावरून घेतला. घरात सासरे आले की मी तसं करते. वर्गात एकच हशा पिकला. मी चटकन पदर खाली घेतला, "या, बसा" म्हणाले, आणि रोल नंबर सातपुढे 'उशीर' लिहिलं.

घरी येताना गाडीत आप्पा निपाणीची वेस दिसायला लागल्यावर म्हणाले, "एकाच गाडीतनं आलो की गं आपण."

"व्हय आप्पा. पण वर्गात एकाच वेळी न्हाय आलो."

"माळ्याच्या बायकोचं ऑपरेशन हाय. इचारायचं न्हाय?"

"विचारायचं. पण तास झाल्यावर."

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. त्या दिवशी ताटावर बसल्यावर आप्पा म्हणाले, "मॅडम, जरा मीठ सरकवता काय?" आक्कांनी वर बघितलं, सगळा प्रकार विचारून घेतला, आणि मीठ स्वतः सरकवत म्हणाल्या, "बरं केलंस. मला चाळीस वर्षं हेच करायचं होतं."

वर्गातल्या सहभागाचे गुण हे माझं दुसरं दुखणं. मी नियमात 'सहभाग' एवढंच लिहिलं होतं, आणि आप्पा सहभागात कुणाला ऐकणारे नव्हते. संस्कृतातल्या 'हस्त'चं प्राकृतात 'हत्थ' होतं आणि त्याचाच आपला 'हात', एवढं मी सांगितलं की ते उभे राहायचे. "म्हणजे आमच्या घरात स्टेशनचं इस्टेशन व्हतंय तसं?" उदाहरण वाईट नव्हतं. पण इस्टेशनवरून ते स्टेशनवर जायचे, तिथून एखाद्या गाडीत चढायचे, आणि त्या गाडीत कोण भेटलं आणि त्याच्या मुलीचं कुठं जमलं हे सांगेपर्यंत घंटा व्हायची. मुलं खूश असायची. मी दुसऱ्या महिन्यात नियमात दुरुस्ती केली : 'सहभाग' शब्दाच्या आधी 'विषयाला धरून' असे दोन शब्द घातले. प्राचार्यांनी सही करताना मला विचारलं, "हे रोल नंबर सातसाठी का?" मी म्हटलं, सगळ्यांसाठी.

मग लग्नसराई सुरू झाली. आप्पांना निपाणी, चिकोडी, बेळगाव या सगळ्या भागातून पत्रिका येतात आणि एकही लग्न चुकवलेलं त्यांना सोसत नाही. मयताला तर ते घरच्यांच्या आधी पोचतात. मी सुट्टी मंजूर करणार नाही हे ओळखून एका मयतासाठीचा अर्ज त्यांनी थेट प्राचार्यांना दिला, आणि तोही कन्नडमध्ये. आमचे प्राचार्य मराठीत कडक आणि कन्नडमध्ये मऊ आहेत, हे त्यांनी पंधरा दिवसांत हेरलं होतं. मी ऑफिसात गेले तेव्हा आप्पा टेबलावर झुकून म्हणत होते, "सर, स्वल्प अडजस्ट माडी." थोडं सांभाळून घ्या. प्राचार्यही हसत होते आणि अडजस्ट करायला तयारच होते. पण मला बघून त्यांना नियम आठवले. सुट्टीच्या अर्जावर संबंधित शिक्षकाची सही लागते. त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "इदु निम्म मने विषय, मॅडम." हा तुमच्या घरचा विषय.

"घरातलं कुणी वारलं तर सूट, असं लिवलंयस तू," आप्पा मला म्हणाले. "ही माझ्या चुलत मेव्हण्याची सासू."

"ते घर नाही, आप्पा. ते गाव झालं."

मी सही केली नाही. आप्पा मयताला गेलेच. हजेरीपटावर त्यांची गैरहजेरी लागली.

खरा भडका उडाला तो लेखी कामावरून. विषय होता प्राकृतातली जोडाक्षरं कशी बदलतात हा. आप्पांनी सुबक अक्षरात बरीच पानं लिहिली होती. पहिल्या पानावर ते आणि आक्का श्रवणबेळगोळला दर्शनाला निघाले होते. दुसऱ्या पानावर गाडी लोंढ्याला थांबली. तिसऱ्या पानावर आप्पा पुरीभाजीला खाली उतरले, तिथं तंबाखूच्या धंद्यातला एक ओळखीचा भेटला, आणि गाडी आक्कांना घेऊन निघून गेली. पुढची पानं आप्पा दुसऱ्या गाडीनं हुबळीपर्यंत कसे पोचले आणि आक्का फलाटावर ट्रंकेवर बसून काय काय बोलल्या याची होती. वाचताना मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यात शेवटी एक ओळ होती : 'अशा रीतीने प्राकृतात जोडाक्षरे बदलतात.'

मी 'क' दिला. खाली लिहिलं, 'लेखन रसाळ. विषय शेवटच्या ओळीत आला.'

"क म्हंजे काय?" संध्याकाळी आप्पांनी वही माझ्यापुढे धरली. "वर अ हाय, ब हाय. म्हंजे हे तिसऱ्या प्रतीचं?"

"हो."

"मी जलमभर प्रत लावलीया. पान बोटात धरलं की सांगत हुतो. तू पोरी, पान वाचून तर बघितलंस का?"

मी काही बोलायच्या आत आक्का आतून आल्या. "आणि शेतकऱ्यांच्या पानाला तुम्ही किती वेळा पहिली प्रत दिली हो? एकदा तरी? माझ्या भावाचा माल आणला हुता तेव्हा पण दुसरीच लावली. तो अजून बोलत न्हाय माझ्याशी."

आप्पांनी वही मिटली. "ते येगळं," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. थोड्या वेळानं मी चहा घेऊन गेले, तर ते वही उघडून आपलंच लोंढ्याचं पान वाचत होते आणि गालात हसत होते.

सत्राच्या शेवटी मी हजेरीची बेरीज केली. आप्पांची हजेरी थोडक्यात कमी पडत होती. मी दोनदा मोजली, मग नवऱ्याला मोजायला दिली. तो बँकेतला माणूस. त्यानं मोजली, कागद परत दिला आणि म्हणाला, "मी साक्षीदार नाही."

नियमात एक पळवाट मीच ठेवली होती. थोडे तास कमी पडले तर शिक्षकानं 'सोयीच्या ठिकाणी' जादा तास घेऊन भरून द्यावेत. प्राचार्य म्हणाले, "सोयीचं ठिकाण म्हणजे तुमचं घर. घ्या तिथं." म्हणून आमच्या सोप्यात सकाळी आप्पा बस्तीतून दर्शन घेऊन आले की तास सुरू व्हायचा. विद्यार्थी एक. तो उठून जाऊ नये म्हणून आक्का तांदूळ निवडत दारात बसायच्या.

तिसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसून होते आणि विद्यार्थी आलाच नाही. मागच्या दारी त्यांचा दूधवाल्याशी आवाज ऐकू येत होता. कुणाच्या तरी वाटणीचा निकाल चालला होता. ते आले तेव्हा मी वहीत 'उशीर' लिहीत होते.

"अगं, घर माझं, सोपा माझा, खुर्चीबी माझी," आप्पा म्हणाले. "माझ्याच घरात मी उशिरा कसा?"

"तास माझा आहे, आप्पा."

तेही निभावलं असतं. पण शेवटच्या दिवशी बेळगुंदीच्या त्यांच्या जुन्या मित्राच्या नातवाचं बारसं निघालं. "आजचा तास दुपारी घे, तोवर परत," असं सांगून गेले आणि दिवस मावळताना परत आले. बरोबर मित्रानं प्रेमानं दिलेलं रताळ्यांचं पोतं. आमच्या घरात कंदमूळ खात नाहीत. आप्पा, धर्मविद्यालयाचे एम. ए.चे विद्यार्थी, जैन घरात पोतंभर रताळी घेऊन उभे होते, आणि माझ्याकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. आक्कांनी ते पोतं उंबऱ्याच्या आतसुद्धा येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत रताळी उकडल्याचा वास येत होता.

परीक्षेला बसू न द्यायच्या विद्यार्थ्यांची यादी करताना मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. एक नंबर गाळला असता तर कुणी विचारायला आलं नसतं. पण त्याच वर्गात खानापूरकडच्या एका खेड्यातून येणारी मुलगी होती. तिची एस. टी. सारखी चुकायची, हजेरी बरीच कमी पडली, आणि तिला बसता येणार नाही असं मी आधीच सांगितलं होतं. ती रडली होती, पण पुढच्या वर्षी निपाणीत मावशीकडे राहायला येऊन तोच पेपर पुन्हा द्यायचं तिनं ठरवलं होतं. ती दुसऱ्या बाकावर, आप्पांच्या मागेच बसायची. मी सात लिहिलं आणि सही केली.

घरी मी स्वतःच सांगितलं. आप्पांनी ऐकलं, मान हलवली, टोपी घातली आणि बाहेर गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी 'मॅडम'च्या पलीकडे बोलले नाहीत. माझ्या आईचा खासबागेतून फोन आला : "सासऱ्याला नापास केलंस म्हणे? तुला काही अक्कल?" मला जेवण गोड लागत नव्हतं. आक्का एवढंच म्हणायच्या, "राहू दे. घरात बरं शांत वाटतंय."

मग चिकोडीत एका लग्नाला आम्ही सगळे गेलो. मी बायकांच्या पंगतीत बसले होते, पाठीमागे पुरुषांची. आप्पांचा आवाज मला पाठ आहे. ते कुणाला तरी कन्नडमध्ये सांगत होते, आणि माझं कन्नड तेवढं समजण्याइतकं आहे. "माझ्या सुनेनं मला परीक्षेला बसू दिलं नाही. मला! प्राचार्य मऊ झाला होता, पण ही हलली नाही." समोरचा काहीतरी सहानुभूतीचं पुटपुटला. त्यावर आप्पा चिडलेच. "अरे, वाईट काय त्यात? तुझ्या सुनेत आहे का असा दम?" मग हीच गोष्ट त्यांनी पुढच्या माणसाला मराठीत सांगितली, आणि तिच्यात रताळ्यांचं पोतंही घातलं. जेवण होईपर्यंत ती सगळ्या मांडवात पोचली. नवरीची आत्या मला येऊन विचारून गेली, "त्या मॅडम तुम्हीच का?"

परतताना गाडीत ते माझ्याशेजारी बसले आणि मला पोरी म्हणाले. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले, कारण माझे डोळे भरले होते आणि आक्का मागून सगळं बघत होत्या.

पुढच्या वर्षी आप्पा तोच पेपर ज्युनिअर मुलांबरोबर पुन्हा बसून शिकले. गाडी उभी राहिली की ते माळ्याला लांबूनच हात करायचे आणि ओरडून सांगायचे, "तास झाल्यावर!" लेखी कामात त्यांनी जोडाक्षरांबद्दलच लिहिलं. ते नीट होतं, बरोबर होतं, आणि खरं सांगायचं तर लोंढ्याइतकं वाचनीय नव्हतं. पेपर झाला, निकाल लागला. माझ्या विषयात त्यांना 'ब' मिळाला.

मी पेढे घेऊन आले. आप्पांनी एक पेढा खाल्ला, गुणपत्रिका लांब धरून वाचली, आणि विचारलं, "पुन्हा तपासायला द्यायचा नियम हाय न्हवं?"

"आहे."

"मग दे की अर्ज भरून. तू घरातली. घरचं माणूस जास्त कडक तपासतंय."

अर्ज मीच भरून दिला. उत्तरपत्रिका धारवाडला एका परक्या प्राध्यापकांकडे गेली. महिन्याभरानं उत्तर आलं : श्रेणी तीच, ब. गुण मात्र दोन कमी झाले होते.

आप्पांनी तो कागद दोनदा वाचला आणि आक्कांकडे दिला. "हा धारवाडचा माणूस तर हिच्यापेक्षा कडू हाय गं," ते म्हणाले, आणि श्रेणी वाढेल म्हणून आणून ठेवलेल्या पेढ्यांतला एक उचलून माझ्या हातावर ठेवला.